सहा हजारांचे छत्तीसशे

संगणकाची स्मृती वाढवली की संगणक वेगवान होतो, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की तिच्याकडे कुणी पुरावा मागत नाही. यंत्र रेंगाळू लागले की शेजारी, कचेरीतले सहकारी आणि दुकानदार एकमुखाने सांगतात, 'रॅम वाढवा'. आम्हीही हा सल्ला गेली पंचवीस वर्षे ऐकत आणि देत आलो आहोत. चौसष्ट एमबीच्या जागी एकशे अठ्ठावीस बसवल्यावर त्या काळच्या यंत्रांना जी तरतरी येई, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांची या सल्ल्यावर श्रद्धा बसावी यात नवल नाही. म्हणूनच २०२५ च्या गणपतीत आम्ही यंत्राची स्मृती बत्तीसावरून चौसष्ट जीबीवर नेली आणि तिचा वेग सहा हजारांवरून छत्तीसशेवर आलेला पाहिला, तेव्हा वाटलेले आश्चर्य निव्वळ तांत्रिक नव्हते. घर मोठे बांधावे आणि आत शिरल्यावर दारे अधिकच अरुंद निघावीत, तसा तो प्रकार होता.

ही वाढ कशासाठी हवी होती ते सांगायला हवे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. आमच्या मावशी सातारा जिल्ह्यात शिक्षिका होत्या. बदली होईल त्या गावी बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायच्या, हा त्यांचा परिपाठ. त्यांनी तो कुठल्याही संशोधनप्रकल्पासाठी चालवला नव्हता, की त्याबद्दल कुणी त्यांना छदाम दिला नव्हता. चौदा फुलस्केप वह्या भरल्या. काही शाईने, बऱ्याचशा पेन्सिलीने. एकच ओवी तीन गावांत तीन तऱ्हांनी ऐकू आली तर त्यांनी ती तीनदा लिहिली आणि समासात गावाचे नाव टाकले. कोणता पाठ बरोबर, असा निवाडा त्या करत नसत. ज्यांनी त्या ओव्या गायल्या त्या बायकांपैकी बहुतेक आता हयात नाहीत, मावशीही २०१९ साली गेल्या. राहिल्या त्या वह्या, आणि त्यांचा कागद आता हात लावताच कडेने झडतो.

या वह्यांची पाने आम्ही सहाशे डीपीआयने स्कॅन केली. एक पान रंगीत आणि कोणतेही आकुंचन न करता उघडले की स्मृतीत सुमारे शंभर एमबी व्यापते. दोनशे पानांची एक वही म्हणजे वीस जीबी. आणि पाठभेद ताडायचे तर निदान दोन वह्या एकाच वेळी उघड्या हव्यात, शेजारी आम्ही टंकलेली संहिता हवी. बत्तीस जीबीत हा संसार मावत नव्हता. यंत्र मग उरलेला भार डिस्कवर नेऊन ठेवी, आणि पान उलटले की ते परत आणेपर्यंत आमचा चहा होत असे.

यंत्र तसे नवेच, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या प्रोसेसरचे. त्यात सोळा जीबीच्या दोन डीडीआर५ पट्ट्या होत्या, वेग सहा हजार. चारपैकी दोन स्लॉट रिकामे. त्याच नावाच्या, त्याच आकड्यांच्या आणखी दोन पट्ट्या आणल्या. भाचा अभियांत्रिकीला आहे, त्याने त्या बसवल्या. बटण दाबल्यावर पडदा काळाच राहिला. एक मिनिट, दोन मिनिटे, चार मिनिटे. भाच्याच्या कपाळावर घाम आला. वास्तविक यात घाबरण्यासारखे काही नसते. पट्ट्या बदलल्या की हे यंत्र पहिल्या खेपेस प्रत्येक तारेची चाचपणी करते, कोणत्या क्षणी वाचले असता खूण स्वच्छ दिसते याचा अंदाज घेते आणि त्यानुसार आपले वेळापत्रक बसवते. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. ते संपले, पडदा उजळला, आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये चौसष्ट जीबीच्या खाली आकडा होता: ३६००.

"मामा, दुकानदारानं नकली माल गळ्यात मारलाय," भाचा म्हणाला. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "सर, माल ओरिजिनल आहे, तुमचा मदरबोर्ड गेला असेल." ही जुगलबंदी ज्यांनी कधी काही दुरुस्त करून घेतले आहे त्या सर्वांना परिचित असेल. भाच्याने मग सीपीयू-झेड नावाचा तपासनीस चालवला. त्यात आकडा दिसला अठराशे, आणि त्याचा पारा आणखी चढला. तो आकडा मात्र निराळ्या मापाचा होता. डीडीआर या नावातच 'दुप्पट दर' आहे: घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती जाते. ठोके मोजले तर अठराशे, फेऱ्या मोजल्या तर छत्तीसशे. एकाच गोष्टीची ही दोन मापे या व्यापारात सर्रास एकमेकांच्या नावाने वावरतात. पाकिटावर मेगाहर्ट्‌झ लिहिलेले असते तिथे खरे तर फेऱ्या अभिप्रेत असतात. निम्म्याअधिक तक्रारी एवढ्याच गोंधळातून उद्‌भवतात असा आमचा समज आहे.

आमची तक्रार मात्र त्यातली नव्हती. पद्धतशीर तपास करायचा ठरले. नव्या दोन पट्ट्या काढून जुन्या दोनच ठेवल्या, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, म्हणजे जिथे बसवाव्यात असे मदरबोर्डची पुस्तिका सांगते तिथे. बायॉसमध्ये जाऊन एक्स्पो चालू केले. वेग सहा हजार. जुन्या काढून नव्या दोन बसवल्या. सहा हजार. चारही बसवल्या: छत्तीसशे. म्हणजे माल नकली नव्हता आणि मदरबोर्डही गेला नव्हता. एकेकट्या जोड्या सरळ चालत होत्या. एकत्र आल्या की मंदावत होत्या.

हे एक्स्पो म्हणजे काय, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मेमरीच्या प्रत्येक पट्टीवर एक चिमुकली चिप असते, आणि तीत त्या पट्टीची ओळख लिहिलेली असते. तिथे दोन प्रकारचे वेग नोंदलेले आढळतात. एक जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांत बसणारा, सर्वत्र चालेल असा. डीडीआर५ चे मानक या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केले. दुसरा वेग पट्टीच्या निर्मात्याने आपल्या जबाबदारीवर लिहिलेला, मोठ्या अक्षरांत पाकिटावर छापलेला. इंटेलच्या जगात या दुसऱ्या नोंदीला एक्सएमपी म्हणतात, एएमडीच्या जगात एक्स्पो. पट्ट्या बदलल्या की यंत्र बहुधा ही दुसरी नोंद बाजूला सारते आणि पहिल्या, सावध वेगावर परतते. पुष्कळांचा 'मंदावलेला' संगणक बायॉसमध्ये ही एक ओळ पुन्हा चालू केल्याने ताळ्यावर येतो. ज्यांच्या यंत्रात दोनच पट्ट्या आहेत त्यांनी पहिल्याने हेच पाहावे.

चार पट्ट्यांची गोष्ट निराळी आहे. एएमडीने या प्रोसेसरांची जी अधिकृत मर्यादा जाहीर केली आहे ती अशी: दोन पट्ट्या असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. इंटेलच्या बाराव्या पिढीतही हाच न्याय, आकडे तेवढे वेगळे. म्हणजे आम्हाला दिसलेला आकडा बिघाडाचा नव्हताच, तो करारातला होता. फक्त हा करार पाकिटावर छापत नाहीत. मदरबोर्डच्या खोक्यावर चार स्लॉटचे चित्र असते आणि शेजारी भला मोठा वेग. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, पण एकाच वेळी खऱ्या नसतात. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर मधल्या 'आणि'च्या जागी तिथे 'किंवा' हवा.

आता हे असे का होते? सहा हजार या आकड्याचा अर्थ असा की प्रत्येक तारेवरून सेकंदाला सहाशे कोटी खुणा जातात. एका खुणेच्या वाट्याला येणारा काळ म्हणजे एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यांतले अवघे १६७ भाग. तेवढ्या अवधीत निर्वात पोकळीतला प्रकाश जेमतेम पाच सेंटिमीटर जातो. मदरबोर्डवरल्या तांब्याच्या रेषेत विजेची खूण त्याच्याही निम्म्याने. पहिली खूण पट्टीपर्यंत पोचायच्या आत दुसरी, तिसरी मागोमाग निघालेली असते. त्यात प्रोसेसरला मेमरीचे दोनच मार्ग असतात आणि चार स्लॉट त्या दोन मार्गांवर जोडीजोडीने लावलेले असतात. एका मार्गावर दोन पट्ट्या बसल्या म्हणजे त्याच तारांवर दोन घरे. एका घरासाठी निघालेली खूण दुसऱ्या घराच्या फाट्यावरून थोडी परत फिरते, जशी विहिरीत मारलेली हाक परत येते तशी, आणि मागून येणाऱ्या खुणेत मिसळते. विहिरीच्या काठाशी बोलायचे तर शब्दाशब्दांत अंतर ठेवावे लागते. आधीचा घुमारा विरल्यावर पुढचा शब्द उच्चारावा लागतो. यंत्रही तेच करते. छत्तीसशेच्या वेगाला प्रत्येक खुणेला १६७ च्या जागी सुमारे २७८ भाग मिळतात, आणि तेवढ्यात घुमारा विरतो.

या सगळ्यात एक गंमत आम्हाला नव्याने कळली, ती जरा विषयांतर करून सांगतो. मेमरीचा वेग गेल्या पाव शतकात प्रचंड वाढला, असे आपण म्हणतो. माहितीचा प्रवाह खरोखरच कितीतरी पट रुंदावला. पण मागितलेला पहिला शब्द हाती येईपर्यंतचा काळ फारसा घटलेला नाही. डीडीआर-४०० ची पट्टी 'सीएल ३' असेल तर हा काळ पंधरा नॅनोसेकंद होता. आजच्या सहा हजारी, 'सीएल ३०' पट्टीला तो दहा आहे. प्रोसेसर झपाट्याने पुढे जातील आणि मेमरी मागे राहील, हा इशारा वुल्फ आणि मॅकी या दोघांनी १९९५ सालच्या छोट्याशा लेखात देऊन ठेवला होता. स्तोत्र पाठ असलेल्या माणसाचे असेच असते. पहिला शब्द आठवायला जो वेळ लागतो तो लागतोच. तो सापडला की पुढचे धबधब्यासारखे कोसळते.

तर मग छत्तीसशेने आमचे नुकसान किती झाले? हिशेब मांडला तर प्रवाह सेकंदाला शहाण्णव जीबीवरून साडेसत्तावन्नच्या आसपास आला, म्हणजे चाळीस टक्क्यांनी घटला. खेळ खेळणाऱ्याला हे जाणवेल. आमच्या कामात उलटेच घडले. पूर्वी स्मृतीत न मावणारी पाने डिस्कवर जात होती. चांगल्यात चांगली एसएसडीसुद्धा सेकंदाला काही मोजके जीबी देते आणि मागितलेले हाती द्यायला मेमरीच्या शेकडो पट वेळ घेते. आता दोन्ही वह्या मेमरीतच उघड्या राहत होत्या. आकडा मंदावला होता आणि काम वेगाने होत होते. भाच्याला मात्र हे पटेना. सहा हजारांचे पैसे मोजायचे आणि छत्तीसशेवर समाधान मानायचे, हा त्याला सरळ सरळ अन्याय वाटत होता. त्याच्या वयाचा विचार करता आम्हाला त्यात वावगे दिसत नाही.

त्याने बायॉसमध्ये जाऊन चारही पट्ट्यांना सहा हजारांचा हुकूम सोडला. आणि यंत्र चालू झाले! विंडोज उघडली, टास्क मॅनेजरमध्ये ६००० झळकले, वह्याही उघडल्या. "बघा," तो म्हणाला. आम्ही त्याला इतकेच सुचवले की वह्यांना हात लावण्याआधी मेमटेस्ट८६ रात्रभर चालू दे. हा कार्यक्रम मेमरीच्या प्रत्येक घरात ठरावीक नक्षी लिहितो, ती परत वाचतो आणि दोन्ही ताडून पाहतो. प्रूफ तपासणाऱ्याचेच काम. सकाळी पडद्यावर चुकांची यादी होती. काय लिहिले होते आणि काय वाचले गेले, हे शेजारीशेजारी मांडलेले. बहुतेक ठिकाणी फरक एका बिटाचा, कुठे शून्याचा एक झालेला, कुठे एकाचे शून्य.

एका बिटाने काय होते, असा प्रश्न कुणालाही पडेल. छायाचित्रात एखादा ठिपका किंचित गडद होईल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण आमच्यापाशी संहिता होती. युनिकोडमधली देवनागरी १९८८ च्या इस्की या भारतीय मानकाच्या क्रमावर आधारलेली आहे, आणि तो क्रम मुळात आपल्या वर्णमालेचा. द चा क्रमांक ०९२६, लगेच पुढे ध चा ०९२७. या दोन आकड्यांत शेवटच्या एका बिटाचा फरक. तो बिट उलटला की 'दूर'चा 'धूर' होतो, 'दार'ची 'धार' होते. प आणि फ तसेच: 'पूल' आणि 'फूल'. ज आणि झ: 'जरा' आणि 'झरा'. ब आणि भ, त आणि थ, च आणि छ, सगळी जोडपी एका बिटाच्या अंतरावर राहतात. क-वर्ग आणि ट-वर्ग तेवढे क्रमांकांच्या योगायोगाने या संकटातून सुटले आहेत. काना आणि पहिली वेलांटीसुद्धा शेजारी: ०९३ई आणि ०९३एफ.

यातली भीती अशी की बिघडलेला शब्द बिघडल्यासारखा दिसत नाही. इंग्रजीत एक बिट उलटला तर बहुधा असा काही शब्द तयार होतो की तो नुसत्या नजरेलाही खटकावा. आपल्या वर्णमालेने मात्र अल्पप्राणाशेजारी महाप्राण इतक्या तर्कशुद्धपणे बसवला आहे की चूक झाली तरी ती सुसंस्कृत होते. 'धार' हा शब्द शुद्धलेखन तपासणारा कार्यक्रम अडवणार नाही. ओवीत मात्रा तेवढ्याच राहतील. अर्थही लागेल, कदाचित मूळ अर्थाहून बरा लागेल, आणि पन्नास वर्षांनी कुणी अभ्यासक त्यावर परिच्छेद लिहील. ज्यांना विचारावे अशा बायका तेव्हा नसतील, आणि झडलेल्या वह्याही नसतील.

अतिशयोक्ती होऊ नये म्हणून हेही सांगतो की उलटलेला बिट नेमका ओवीतल्या अक्षरावर पडण्याचा संभव फार थोडा. बहुधा कार्यक्रम बंद पडतो किंवा निळा पडदा दिसतो आणि माणूस सावध होतो. डीडीआर५ च्या चिपमध्ये स्वतःच्या पोटातल्या चुका सुधारण्याची सोयही असते. मात्र ती चिपच्या आतपुरती, तारेवर झालेली चूक तिला दिसत नाही. आणि अशा चुका आपल्याला वाटतात तितक्या विरळ नसतात. गूगलच्या हजारो संगणकांची पाहणी करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षाकाठी आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या होत्या; ते संगणक त्या चुका पकडणाऱ्या खास मेमरीचे होते म्हणून त्या मोजता तरी आल्या. घरच्या यंत्रात मोजणारा कुणी नसतो.

सहा हजारांचा हुकूम मागे घेतला. बावन्नशेला चाचणी लावली, तर पहिल्या काही तासांत सारे स्वच्छ, पहाटे एक चूक. अठ्ठेचाळीसशेला रात्रभरात एकही नाही. भाच्याचे म्हणणे अठ्ठेचाळीसशेवर थांबावे. त्याच्याजवळ पुरावा आहे. आमचे म्हणणे, वह्यांचे काम संपेपर्यंत छत्तीसशेच ठेवावे. उन्हाळ्यात, पंखा बंद असताना, सलग दहा तास वापरल्यावर काय होते ते एका थंड रात्रीची चाचणी सांगत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही, पण यंत्र आमच्या टेबलावर असल्याने तूर्त छत्तीसशेचे राज्य आहे.

खरा उपाय दोघांनाही ठाऊक आहे: सोळाच्या चार काढून बत्तीसच्या दोन बसवाव्यात, आणि त्याही एकाच पाकिटातल्या. एकाच नावाच्या वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्यांवर कित्येकदा वेगवेगळ्या कारखान्यांच्या चिप असतात. एका पाकिटातली जोडी निदान एकत्र तपासून दिलेली असते. स्मृती वाढवू पाहणाऱ्या कुणालाही आम्ही आता हेच सांगू, की रिकामा स्लॉट हे आमंत्रण समजू नका. आम्हीही दिवाळीनंतर बदली करून घेण्याच्या बेतात होतो. पण तोवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीचा बाजार असा काही उचलला की २०२५ च्या अखेरीस भाव भडकले, आणि दुकानदाराने पट्ट्या परत घेण्याचा विषय हसण्यावारी नेला.

सध्या सातवी वही चालू आहे, पेन्सिलीची. तिच्यात मावशींचा ध आणि घ एकसारखा दिसतो, शिरोरेषेतली फट पुसट झाली आहे. एका ओवीत 'धार' आहे की 'घार', ते सहाशे डीपीआयलाही ठरेना. समासात गावाचे नाव होते. ओळखीतून तिथल्या एका आजींचा पत्ता लागला. त्यांनी मावशींना ओव्या सांगितल्या होत्या. फोनवर तो शब्द विचारला, तर त्यांना तो तेवढाच सांगता येईना. "आधीपासनं म्हणाया लागंल, बाबा," म्हणाल्या, आणि बराच वेळ गप्प राहिल्या. मग सुरुवात सापडली. त्या ठिकाणी त्यांनी 'घार' म्हटले, आणि पुन्हा म्हणून दाखवताना 'नार'. आम्ही तिन्ही शब्द नोंदवले आहेत.